थोरल्यांची पेटी, धाकट्यांचा चेंजर

…आणि वर मलाच विचारतात, "अजून झालं नाही का?" म्हणजे बघा, तीस वर्षं मी हे काम करतोय, जुने पेटीवाले स्टिरिओ, ते लांबलचक, चार पायांवर उभे, दोन टोकांना स्पीकर आणि मधलं झाकण उचललं की आत रेकॉर्ड चेंजर, म्हणजे रेकॉर्डी एकावर एक रचून ठेवायच्या आणि यंत्रानं आपणहून एकेक खाली सोडत वाजवायची… अशी किती यंत्रं हाताखालून गेली त्याला गणती नाही, आणि एकाही गिऱ्हाइकानं मला कधी दिरंगाईचा बोल लावला नव्हता. आणि आता? समोरचा शिंपी विचारतो, वरचा दातांचा डॉक्टर जिना उतरताना विचारतो, आणि आमची ही तर रोज डबा भरताना विचारते, "तो लांबुडका अजून झाला नाही का? तीन महिने झाले. तेवढ्यात लोक घर बांधतात." काय सांगू हिला? तुम्हाला सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा.

झालं असं की एक दिवस थोरले आले. थोरले म्हणजे दोघा भावांतले थोरले, पण दोघं आहेत हे तेव्हा मला कुठे ठाऊक? टेम्पोतून पेटी उतरवली, आणि काय लाकूड होतं हो, नुसता हात फिरवत बसावं! मी झाकण उचललं… आत खड्डा. चेंजर गायब. खड्ड्यात दोन छत्र्या, एक टॉर्च आणि जुन्या चपला. मी विचारलं, साहेब, यातलं यंत्र कुठे गेलं, तर भिंतीकडे बघत म्हणाले, ते नाही, दुसरं कुठलं तरी बसवा. आणि खड्ड्याची कड बघतो तर करवतीनं कापलेली! कापणारा सुतार नव्हता, चांगला संतापलेला माणूस होता, कारण एका कोपऱ्यात करवत घसरून बोटभर खाच पडलेली. मी पुढे विचारलं नाही. आपलं काम दुरुस्ती, लोकांच्या घरात नाक खुपसणं नाही. वाजवून बघायला एक रेकॉर्ड ठेवून ते गेले.

पंधरा दिवसांनी दुसरे एक गृहस्थ आले, चादरीत काहीतरी गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसं छातीशी धरून. चादर सोडली तर आत चेंजर, बसवलेल्या फळीसकट. म्हणाले, याला पेटी करून द्या. मी बघितलं, आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं, आणि त्यावर घरातल्या कुणी शहाण्यानं केसांचं तेल ओतलेलं. यंत्राला केसांचं तेल! असो. आठ दिवस घासलं, एकेक लिव्हर सोडवला, रबराचं चाक बदललं, आणि आता वाजवून बघायचा तर अँप्लिफायर हवा. तो होता थोरल्यांच्या पेटीत. म्हटलं, तात्पुरता ठेवून बघू… ठेवला, आणि तुम्हाला सांगतो… बसला! फळीच्या कोपऱ्याला बोटभर लाकूड जास्त, आणि पेटीच्या कोपऱ्याला बोटभर खाच. चपखल बसला.

म्हणजे हे दोघं भाऊ, वडील गेल्यावर वाटणी झाली, स्टिरिओवरचा हक्क कुणी सोडेना, म्हणून कापला. जमीन वाटतात, भांडी वाटतात, ते मी समजू शकतो. पण स्टिरिओ? थोरल्यांकडे आवाज होता, वाजवायला काही नाही. धाकट्यांकडे वाजवायला होतं, आवाज नाही. नऊ वर्षं असेच! आणि इकडे आमची ही विचारतेय, "त्या लांबुडक्याला एवढं काय करायचंय, अजून झालं नाही का?"

बरं, रेकॉर्डींचीही वाटणी. वडिलांनी हौसेनं घेतलेलं एक नाटक होतं, तीन रेकॉर्डींवर. आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाही, पण बघा. चेंजरच्या रेकॉर्डींची पद्धत अशी की पहिल्या रेकॉर्डच्या एका बाजूला नाटकाचा पहिला भाग आणि पाठीवर दुसरा नाही, तर थेट सहावा! दुसरीवर दोन आणि पाच, तिसरीवर तीन आणि चार. का? तर तिन्ही रचून ठेवल्या की यंत्र एक, दोन, तीन वाजवतं, मग अख्खी चळत तशीच उलटी करायची, की चार, पाच, सहा. थोरल्यांनी घेतली पहिली रेकॉर्ड. म्हणजे त्यांच्याकडे सुरुवात आणि शेवट, आणि मधलं सगळं धाकट्यांकडे. थोरले मला सांगत होते, की शेजाऱ्यांच्या यंत्रावर लेकीला ऐकवलं, तर ती म्हणते, बाबा, ही बाई घर सोडून निघाली आणि लगेच परत कशी आली? त्यांना काही सांगता येईना. आणि धाकट्यांची बायको माहेरच्या यंत्रावर ऐकून म्हणे, नाटकात नुसती भांडणंच आहेत, का भांडतात ते कळत नाही आणि मिटतं की नाही तेही कळत नाही.

मग मी काय केलं? काही नाही. दोघांनाही मंगळवारी चार वाजता बोलावलं. तुम्ही म्हणाल, मुद्दाम बोलावलंत. छे हो, नजरचूक. होते माणसाकडून.

धाकटे आले ते आईला घेऊन, काखेत त्यांच्या वाटणीच्या दोन रेकॉर्डी. मावशी ऐंशीच्या घरातल्या, हातात कापडी पिशवी. सहा महिने त्या थोरल्यांकडे, सहा महिने धाकट्यांकडे, तेही वाटणीतच ठरलेलं. मागोमाग थोरले आले, धाकट्यांना बघून दारातच थबकले, आणि मग सुरू झालं ते सगळं माझ्यामार्फत. यांना सांगा, पेटी माझी आहे. त्यांना विचारा, चेंजर कुणी सांभाळला. सांगा काय, विचारा काय, मी मधे उभा, हातात पाना! मावशींचं लक्षच नव्हतं. पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, तिन्ही लाव.

मी याच्याकडची एक घेतली, त्याच्याकडच्या दोन घेतल्या, चळत रचली. दुकानात बाक एकच, त्यामुळे दोन टोकांना दोघं. पहिली खाली पडली, वाजली. दुसरी, तिसरी. चळत उलटी केली. मावशींचे ओठ हलत होते, सगळं तोंडपाठ. पाचव्या भागात ती बाई परत का येते ते आलं, तेव्हा थोरल्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले. सहावा संपला, यंत्राचा हात आपला आपण जागेवर गेला, टक् करून बंद. आणि लगेच थोरले मला म्हणाले, यांना सांगा, आता हे माझ्या घरी जाईल. धाकटे म्हणाले, त्यांना सांगा, स्वप्नात.

तेव्हा मावशी बोलल्या. आवाज नाही चढवला. "यंत्र तुम्ही एकदाच कापलंत रे. मला दर सहा महिन्यांनी कापता."

 मी पान्याकडे बघत राहिलो. मग त्या म्हणाल्या, आता मला ही पिशवी उचलवत नाही. यंत्र ज्याच्या घरी अख्खं वाजेल, त्याच्या घरी मी राहीन, कायमची.

दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. कधी नेता येईल? आणि तुम्हाला सांगतो, यंत्र तयार होतं हो! आत्ता दीड तास त्यांच्यासमोर वाजलं होतं. पण मला दिसलं, मी हो म्हटलं की यातला एकजण आज आई घेऊन जाणार आणि दुसरा रिकाम्या हातानं जाणार, आणि ते मग मरेपर्यंत. मी म्हटलं, "शेवटी खरखर आली, ऐकलीत ना? अजून थोडं बाकी आहे."

तेव्हापासून रोज चार वाजता धाकटे आईला घेऊन येतात, थोरले कामावरून परस्पर येतात, खरखर गेली का ते बघायला तिन्ही रेकॉर्डी लावतात. पहिला महिनाभर यांना सांगा, त्यांना विचारा असंच चाललं. मग एक दिवस बाकावर मावशींना जागा हवी होती, तर थोरले धाकट्यांना म्हणाले, "सरक जरा." नऊ वर्षांनी पहिला शब्द. आणि धाकटे सरकले. आता त्यांच्या गप्पांत मला बाकी गिऱ्हाइकांचं ऐकू येत नाही, बाकावर मला जागा नाही, चहा मीच आणतो.

आणि रोज सकाळी दुकान उघडलं की मी पेटीमागचा एक स्क्रू ढिला करतो. तीस वर्षांचं नाव गेलं माझं. शिंपी विचारतो, डॉक्टर विचारतो, घरी ही विचारते, दोघं भाऊ विचारतात, "अजून झालं नाही का?" एकट्या मावशी तसं विचारत नाहीत. त्या येतात, पेटीवर हात ठेवतात, आणि पोरांच्या नकळत हळूच मला विचारतात, "अजून झालं नाही ना?"

मी म्हणतो, नाही हो मावशी, माझं काम जरा सावकाशच असतं.