लाल बटण दाबलं की माणसं येतात

...नाही, खोली छानच होती हो, खोलीला मी नावं ठेवत नाहीये! पलंग, खुर्ची, गरम पाण्याचा नळ, सगळं जागच्या जागी. पण बोलायला कोण? भिंत! तुम्हाला सांगते, आमच्या शिवण कारखान्यात नव्या मशिनी येणार, म्हणून साहेबांनी मला तीन महिने परदेशात शिकायला धाडलं. “तुझा हात बसलेला आहे, तू शीक, मग बाकीच्यांना शिकव.” सातवी झालेली मी, घाबरले, तर सासूबाई म्हणतात, “जा गं, पोराला मी बघते. तो काय तुला विसरतोय?” आता हे बोलायची काही गरज होती का? तोवर विसरण्याचं माझ्या डोक्यातही नव्हतं! दीड वर्षाचं पोर, नुकतं कुठं बोबडं बोलायला लागलेलं... खरंच विसरला तर?

मग काय, फोन! सकाळी कामाला निघताना लावावा, तर घरी दुपार, हा झोपलेला. जेवायच्या सुट्टीत लावावा, तर कारखान्याच्या आत माझ्या फोनला रेंजच नाही. काम सुटल्यावर लावावा, तर घरी रात्र, हा झोपलेलाच! सासूबाई फोन त्याच्यावर धरून कुजबुजणार, “बघ, कसा श्वास घेतोय.” अहो, श्वास घेतोय ते माहितीये मला! सुट्टीच्या दिवशी जागा सापडलाच, तर फोनच तोंडात घालणार, मला दिसतात नुसते दात! वरचे आले, खालचे आले, दाढसुद्धा डोकावली... दातांशी ओळख झाली, पोराशी नाही. आणि हे सांगायचं कुणाला? बोलायला कोण? भिंत!

कारखान्यात तरी काय, सगळ्या बाया कानात इयरफोन घालून माना खाली. शिकवणारी बाई ही एवढी उंच, मी मनातल्या मनात तिला शिडीबाई म्हणायचे. तिनं मशीनवरचं लाल बटण दाखवलं. टाका चुकला की दाबायचं, सगळ्या मशिनींची ओळ थांबते. मी कशाला दाबतेय! चुकलं तर आपण काय करतो? कुणाला कळायच्या आत गपचूप उसवतो! तशी जेवायच्या सुट्टीत उसवत बसले, तर शिडीबाईनं पकडलं. ती तिच्या भाषेत मोबाईलशी बोलली आणि मोबाईल माझ्याशी मराठीत, “चूक लपविणे नाही. बटण दाबणे. आम्ही येणार.”

आम्ही येणार! मला तेवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दाबलं. शिडीबाई धावत आली, शेजारणीनं कानातलं काढलं, तेलपाणी करणारे आजोबाही आले. काय झालं, काय झालं? अहो, किती दिवसांनी मला कुणी ‘काय झालं’ विचारत होतं! मग सुटलेच मी. धागा सैल, दाब! सुई वाकडी वाटते, दाब! पोराची आठवण आली, दाब! पण दाबायला कारण तर हवं ना, म्हणून टाका न् टाका निरखायला लागले, आणि खरंच दुसऱ्यांच्याही चुका दिसायला लागल्या. गंमत बघा, त्यांनी मला तपासणीच्या टेबलावरच बसवलं! बढतीच म्हणा ना. पण त्या टेबलाला बटणच नाही... परत भिंत!

तिथं माझा चेहरा बघून शिडीबाईनं मोबाईल पुढं केला, “कपडे उत्तम. तुमच्यात काय बिघाड?” मी रडले. पोराचे फोटो दाखवले, सगळे झोपलेले. दुसऱ्या दिवशी तिनं भर कामात मला बाहेर नेलं आणि माझ्या फोनकडे बोट करून खुणावलं, लाव.

घरी संध्याकाळ. हा जागा! सासूबाईंच्या कडेवर, फोन तोंडात नाही, टक लावून माझ्याकडे बघतोय. सासूबाई म्हणाल्या, “सांग रे, कोण ही? कोण?” त्यानं विचार केला. बोट केलं. आणि तुम्हाला सांगते, इतकं स्वच्छ बोलला हो, एक अक्षर बोबडं नाही... “मावशी!”

सासूबाईंनी पटकन त्याचं बोट खाली केलं. शिडीबाई विचारतेय, काय म्हणाला, काय म्हणाला? मी डोळे पुसले, म्हटलं, ओळखलं मला. आता यात खोटं काय? काकू नाही म्हणाला. मावशी म्हणजे निदान आईच्या बाजूची तरी!