लख्ख पुसलेली नळी

आई : …आणि वजनवाले भाऊ काय करत होते?

मुलगी : चष्मा पुसत उभे राहिले. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासून भट्टीकडे फिरकायचं नाही.

आई : सतरा वर्षं काट्यावर बसलेला माणूस. चुकला कुठे म्हणे?

मुलगी : अगं, प्लाझ्माच्या भट्टीत कचऱ्याबरोबर आम्ही सीझियम घालतो. सध्या चाचणीपुरतं, बिनधोक. पुढे खऱ्या कचऱ्यात किरणं सोडणारं असेल. त्या आचेत कचरा वितळून काच होते; काही सीझियम तिच्यात मुरतं, काही वाफ होऊन उडतं. किती उडतं ते कळल्याशिवाय मोठ्या भट्टीला धूर गाळणारी जाळी बसवायची कशी?

आई : शाळा नाही पाहिली मी, पण झाकणाला वाफ धरते एवढं कळतं. पुढे बोल.

मुलगी : माझं गणित म्हणतं, शंभरातले तीस भाग उडणार. काचेत सत्तर सापडले, म्हणजे बरोबर. पण धुराच्या नळीत आणि चाचणीच्या जाळीत मिळून अठराच. साहेब म्हणाले, भाऊंनी वजनात घोळ घातला.

आई : नळी म्हणजे ती कोपरासारखी वाकडी? शुक्रवारी टेबलावर उघडून ठेवलेली?

मुलगी : तीच.

आई : आत पांढरं बसलं होतं. भट्टी बघायला पाहुणे यायचे होते. मी झाडते त्या खोलीला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. कोरड्या फडक्यानं पुसून काढली.

(मुलगी कप नुसताच फिरवत राहते.)

आई : पुसायला नको होती का?

मुलगी : तूच पुसलीस हे मला माहीत होतं. इतकी लख्ख नळी पाहिली तेव्हाच.

आई : आणि भाऊ बोलणी खात होते तेव्हा गप्प राहिलीस?

मुलगी : तुझं काम गेलं असतं. आणि… झाडणाऱ्या बाई म्हणजे माझी आई, हे तिथं कुणाला ठाऊक नाही.

आई : म्हणून तिथं मला तुला 'मॅडम' म्हणायला लावलंस होय. मला वाटलं, तिथली रीत असेल.

मुलगी : आई…

आई : राहू दे. माझी तरी मान कुठे वर आहे? वजन कमी भरल्याचं कालच कानावर आलं होतं. फडकं पिशवीत बांधून कपाटात ठेवलं आणि तोंड शिवून बसले.

मुलगी : धुतलं नाहीस?

आई : जन्मात पहिल्यांदा. उद्या ते भाऊंच्याच हातात द्यायचं. तुमचे बारा भाग त्यातच निघतील.

मुलगी : साहेबांना मी काय सांगू?

आई : सांगणार मी. तू फक्त सगळ्यांसमोर मला घरातली हाक मार.