सीट भरेपर्यंतचं पुस्तक

तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला पुस्तक सुचवताना आधी त्याचा धंदा बघावा. खर्डी स्टेशनवर आमच्या शेअर रिक्षा नंबराने लागतात. सीट भरली की निघायचं, नाहीतर नंबर जातो. रांगेत माझ्या पुढे रिक्षा लावणाऱ्या किसनदादाला मी एक नवी रहस्यकादंबरी दिली. रिक्षा भरली तरी दादा खुनी शोधत बसला आणि त्याचा नंबर गेला. स्टँडवरचे मलाच म्हणाले, "तू शाळा अर्ध्यात सोडलीस ती सोडलीस, आता याचा धंदा पण सोडवतो काय रे?"

मग मी त्याला कवितासंग्रह दिला. म्हटलं, "दोन पॅसेंजरच्या मधे एक वाच. लगेच संपते."

दुसऱ्या दिवशी रिक्षा भरली, पुस्तक मिटलेलं, तरी दादा हलेना. मागून हॉर्न सुरू झाले. मी घाबरत पुढे गेलो.

"दादा, कविता संपली नाय का?"

"कवाच संपली रे. लेक सासरी गेल्यावर बाप तिची सायकल पुसत बसतो, अशी हाय. मुरबाडला पोरीला फोन लावतोय, उचलत नाय."

मी मागच्या सीटकडे बघितलं. टोपली मांडीवर घेतलेली मावशी म्हणाली, "तू जा. लागू दे त्याचा फोन. आमी बसलोय."