न खेळता मिळालेला करंडक

मी, खाली सही करणारा, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (छापखान्यात मुद्रितशोधक), राहणार छापखान्यामागील वसाहत, खोली क्रमांक ११.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. छापखान्यात दरवर्षी टेबल टेनिसची स्पर्धा होते. यंदा मी अंतिम फेरीत पोहोचलो. पहिल्या फेरीतील प्रतिस्पर्ध्याला ताप आला, दुसऱ्याची बदली झाली, तिसरा मेहुण्याच्या लग्नाला गेला. तिन्ही वेळा मला पुढे चाल मिळाली. पत्नी म्हणाली, "अहो, एकदा तरी चेंडूला बॅट लावून जिंका." तशी नोंद माझ्या रोजनिशीत आहे.

काल सायंकाळी पाच वाजता अंतिम सामना बांधणी खात्याच्या फोरमनशी होता. ते सलग आठ वर्षांचे विजेते असून माझे शेजारी आहेत. पावणेपाचच्या सुमारास मला कागदाच्या कोठीचे दार उघडे दिसले. मी बाहेरून कडी घातली. मांजर आत शिरून कागदाच्या रिमांवर विते, म्हणून जाता-येता कडी घालावी असा आमच्याकडे नियम आहे. एकोणीस वर्षे तो पाळणारा मी एकटाच. आत फोरमन खेळाच्या टेबलासाठी नवी जाळी शोधत होते, हे मला माहीत नव्हते.

पाचला ते आले नाहीत. पंच असलेले हेडक्लार्क म्हणाले, "नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबू. काय हो, याही वेळी घाम न गाळताच का?" सगळे हसले. मीही हसलो. मी कोठीकडच्या भिंतीला टेकून उभा होतो. पाच वाजून दहा मिनिटांनी मला विजयी घोषित केले. टाळ्या वाजल्या, त्यांत माझ्याही होत्या.

सव्वापाचला शिपायाने कोठी उघडली. झरोक्याची काच फोडताना फोरमनचा उजवा हात कापला होता. सात टाके पडले. दोन बोटे पूर्वीसारखी वळतील की नाही, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत. दवाखान्यात ते मला म्हणाले, "अरे, मला सांगायचंस. मी हरलो असतो की तुझ्यासाठी."

दार ठोठावल्याचा आवाज मला ऐकू आला नाही.

वरील जबाब मला वाचून दाखवला व नंतर स्वतः वाचायला दिला. शेवटचे वाक्य मीच सांगितले होते, ते खोटे आहे. आवाज पाच वाजून चार मिनिटांनी आला. मांजर दार ठोठावत नाही, हे मला ठाऊक होते. मी घड्याळाकडे पाहत राहिलो. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.