घासून लख्ख केलेली टाकी

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, स्वागत समितीची मंडळी आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो,

"घरच्यांच्या वतीनं दोन शब्द बोला" म्हणून मला उभं केलंय. आज निवृत्त होणारे तुमचे डॉक्टरसाहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ, बाळू. मी चौथीत शाळा सोडली. शब्द थोडे असतील, पण सरळ असतील.

बाळूनं जन्मभर काय केलं? बंद खाणीतून तांबडं, आंबट पाणी झिरपतं, त्यातले जंतू सांभाळले. त्या पाण्यात मासा जगत नाही. बाळूच्या पँटीही जगल्या नाहीत. ठिगळं लावून मी थकले. जंतू मात्र मजेत. एक लोखंड खातो, दुसरा त्याचं उष्टं, तिसरा मेलेल्यांना. पाणी नासवणारे तेच, आणि लोखंड खाली बसवून पाणी निवळवणारेही त्यांचेच भाऊबंद. घरोघरी हेच चालतं, त्याला प्रयोगशाळा कशाला? तो म्हणायचा, "ताई, यांचं एकमेकांशी पटतं."

खाणीतून आणलेल्या या जंतूंची साय त्यानं इथल्या काचेच्या टाकीत वर्षानुवर्षं धरवली. पाणी निवळायला लागलं होतं. आज ती टाकी पुढच्यांच्या हवाली करायची होती. येऊन बघते तर टाकी लख्ख, आत गुलाबाची फुलं.

ऑफिसच्या सेक्रेटरीबाई कौतुकानं म्हणाल्या, "ताई, केवढी घाण साचली होती हो. सकाळपासून खरवडतोय."

"मग टाकलीत कुठं?"

"गटारात. वरून फिनेल ओतलं."

समितीची मेहनत दिसते आहे. टाळ्या नंतर वाजवा.

बाळू माझ्या कानात म्हणाला, "ताई, बोलू नकोस. त्यांनी प्रेमानं केलंय." म्हणून तर बोलतेय. तो गुच्छ धरून नुसता हसत बसेल, आणि उद्या खाणीचं तोंड सिमेंटनं बुजवणार. पाहुण्यांना ठाऊक आहे, हुकूम त्यांचाच आहे. मग साय पुन्हा आणायची कुठून?

तेव्हा आत्ताच खाणीवर जायचं. अध्यक्षसाहेबांनी आपलं भाषण घरी वाचावं. पाहुण्यांची जीप मोठी आहे, साय भरून आणायचे कॅन तिच्यात मावतील. सेक्रेटरीबाई, खरवडण्यात तुमचा हात बसलाय, तुम्ही पुढं बसा. चांगले कपडे बदलून या, भोकं पडतील. बाळू, गुच्छ ठेव खाली. बूट चढव.

ऐकून घेतलंत, उपकार झाले. बोलण्यात उणंअधिक गेलं असेल तर पोटात घाला, पण ते वाटेत. उजेड आहे तोवर उठा.