मी धुतलेला पाग

बसा मंडळी, खाली सतरंजीवर जागा आहे. काशिनाथ, तू इथे पुढे ये, माझ्यासमोर बस.

हिराआजींच्या फोटोपुढे आज उदबत्ती का नाही, असं मघाशी दोघांनी विचारलं. मीच लावू दिली नाही. का, ते सांगायलाच उभी राहिलेय. सोळा वर्षं या वृद्धाश्रमाची व्यवस्था बघतेय, इतक्या जणांना निरोप दिला, उदबत्ती कधी चुकवली नव्हती.

आपल्या नव्या मंडळींसाठी सांगते. हिराआजी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. कंबरेचं हाड मोडलं, मुलाच्या, या काशिनाथच्या, एका खोलीत सेवा होईना, म्हणून त्याने त्यांना इथे ठाकुर्लीला आणलं. रडत आणलं. मी पाहिलंय.

तुम्हाला माझा तो चित्रांचा डबा माहीत आहे. माझ्या मुलाचा जुना खेळ. दोन्ही डोळ्यांना लावायचा, खटका दाबायचा, की आपण जणू त्या जागीच उभे. त्यासोबत मी कापसाचा बोळा नाकाशी धरायची. देवळाचं चित्र असलं की कापूर, बागेचं असलं की गुलाबाचं अत्तर. अंथरुणाला खिळलेले आपले नाना देऊळ बघून हात जोडायचे. मला वाटायचं, वा सुमती, काय शोध लावलास!

हिराआजींना मी समुद्र दाखवला. आणि नाकाशी काय धरलं? गुलाब! त्या हसल्या. म्हणाल्या, "बाय, दर्याला गुलाब कवापासून लागलं गं?"

त्या दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. मग काशिनाथने त्यांच्या मालकांच्या, म्हणजे त्याच्या गेलेल्या बाबांच्या, पागाचा तुकडा आणून दिला. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. सुताचं, मालकांनी स्वतः विणलेलं. मासळी, खाडीचा गाळ, तंबाखू, घाम, सगळं त्यात मुरलेलं. मी नाक मुरडलं. खोटं कशाला बोलू?

पण मंडळी, त्या दिवशी हिराआजींनी तो नाकाशी धरला, डबा डोळ्यांना लावला, आणि बोलायलाच लागल्या. "टाकलान बघ पाग. आता वढतील. गप बसा गं, मासा पलंल." आणि अख्खी भाकरी खाल्ली! रोज खायला लागल्या. तुम्हीच बघायला जमायचात ना त्यांच्या खाटेपाशी?

आणि मी काय केलं?

विश्वस्त भेटीला यायचे होते. शेजारच्या खाटेवरून वासाची तक्रार होतीच. आपल्याकडे मासळी चालत नाही, हा नियम. त्या झोपल्या असताना मी उशीखालून तो तुकडा काढला. फेकला नाही हो! फेकायचा विचारही मनात आला नाही. मी तो गरम पाण्यात, साबणाच्या पावडरीत भिजवला. घासला. गच्चीवर कडक उन्हात वाळवला. छान घडी करून त्यांच्या हातात दिला. मला वाटलं, खूश होतील. कर्म माझं!

त्यांनी एकदा हुंगला. पुन्हा हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. "धुतलंस, बाय? त्याच्यान माजं मालक व्हतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी पाय धरले असते. त्या फक्त भिंतीकडे वळल्या. डब्याला परत हात लावला नाही. जेवण थांबलं.

मी एसटीडी बूथवर धावले. काशिनाथला म्हटलं, दुसरा तुकडा आण, कसाही आण. तो म्हणाला, "बाई, बाबांची होडी कधीच मोडली. आता सगळी जाळी नायलॉनची. सुताचं तेवढंच राहिलं होतं." आणि वर मलाच म्हणाला, "असू दे, तुम्हाला काय ठाऊक!"

काशिनाथ, असं म्हणायला नको होतंस रे. ते "असू दे" मला झोपू देत नाही. सोळा वर्षं म्हाताऱ्या माणसांत काढली, मला ठाऊक असायला नको?

मग मी खाडीवर गेले. साडी खोचून चिखलात उतरले, तुकडा गाळात बुडवला, कोळणींकडून सुकटीचं पाणी मागून त्यात भिजवला. लोक बघत होते, बघू देत. तसाच ओला आणून आजींच्या नाकाशी धरला. "हिराआजी, बघा ना हो. आला का वास?"

त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "खाडी हाय. मालक नाय." चौथ्या दिवशी त्या गेल्या.

आता मी काय करू? सांगा ना कोणीतरी! कोणाची क्षमा मागू? तुमच्यापैकी कोणाच्या ट्रंकेत कोणाचा सदरा असेल, लुगडं असेल, तर ते मला देऊ नका. मागितलं तरी देऊ नका.

उभे राहूया. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच हात जोडा. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. उदबत्ती नाही, अत्तर नाही. आपापल्या माणसाचा वास आठवा.

मी तोवर हा तुकडा नाकाशी धरते. खाडीत बुडवला, गाळात लोळवला, तरी याला अजून साबणाचाच वास येतोय, हिराआजी.