सातचा चहा

टोकियोत, हिगाशी-कसाईला बसच्या रांगेत मागून मराठी ऐकू आली, तशी कादंबरीने कानातले इयरफोन काढले. कुणी सासू-सून बोलत होत्या.

"आई, इंटरनेट चालू असतं, तरी घरात रेंज यावी म्हणून बसवलेला तो सिग्नलचा डबा रोज सातला बंद पडतो! श्रीहरी चहाला बसला की नेमकी फोनची रेंज जाते. कंपनीचा माणूस दोनदा वाकून माफी मागून गेला बिचारा."

"अगं, मीच प्लग काढते. तो मोठा भूकंप झाल्यापासून वीज वाचवायला सांगतात ना?"

"अहो, परत लावल्यावर रेंज यायला अर्धा तास लागतो!"

"ठाऊक आहे. तेवढा अर्धा तास ऑफिसचा फोन येत नाही. पोरगा समोर बसून बोलतो."

बस आली.

"आई, आज प्लग मी काढते. तुम्ही तीन कप चहा टाका."